कुटुंबाच्या आरोग्यासाठी पदव्युत्तर नर्सिंग: नागपुरात एम.एस्सी. करावे की अमेरिकेत एफएनपी?

नागपुरात बी.एस्सी. नर्सिंग करून वॉर्डात वर्षभर काम केलेल्या आणि पुढे कुटुंबाच्या आरोग्यातच काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकेसमोर सहसा दोन पर्याय येतात. एक कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमधील एम.एस्सी. आणि दुसरा अमेरिकेतील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजेच एफएनपी. दोन्ही अभ्यासक्रम पदव्युत्तर असले, तरी ते वेगवेगळ्या कामांसाठी तयार करतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.त विशेष शाखेबरोबर नर्सिंग शिक्षण, संशोधन व संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि शोधप्रबंध असतो. त्यामुळे ही पदवी घेणाऱ्या अनेक जणी पुढे अध्यापनात किंवा पर्यवेक्षणात जातात. एफएनपीचा पाया मात्र आजारामागची शरीरक्रिया, रुग्णतपासणी आणि औषधशास्त्र या तीन विषयांच्या प्रगत अभ्यासावर उभा असतो, आणि तेथील 2022 च्या राष्ट्रीय मानकांनुसार किमान 750 तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात.

हा फरक एका घरात सहज दिसतो. समजा, हिंगण्यातील एका कुटुंबात आजीला उच्च रक्तदाब आहे, सुनेला बाळंतपणानंतर रक्तक्षय आहे आणि नातवाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अमेरिकेतील एफएनपी या तिघांनाही तपासून निदान करू शकते आणि औषधे लिहून देऊ शकते. मात्र काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरांशी करार असणे बंधनकारक असते. येथे एम.एस्सी. झालेली परिचारिका गृहभेट देते, प्रत्येकाच्या गरजा नोंदवून परिचर्येचे नियोजन करते, आहार व औषधांबाबत समुपदेशन करते आणि गरजेनुसार वरच्या केंद्रात पाठवते. स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही. तरीही विदर्भात हे काम दुय्यम मानणे मला चुकीचे वाटते, कारण सिकलसेलमध्ये विवाहपूर्व तपासणीचा सल्ला, नियमित फॉलिक ॲसिड आणि वेदनेच्या झटक्याची वेळीच ओळख यांवर मुलाचे बरेचसे आयुष्य अवलंबून असते.

नागपुरात बसून ऑनलाइन एफएनपी करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा असेच मी सांगेन. अशा बहुतेक कार्यक्रमांना अमेरिकेतील आरएन, म्हणजेच नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना लागतो आणि रुग्णसेवेचे तास तेथेच पूर्ण करावे लागतात. शिवाय त्या पदवीने भारतात औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. ज्यांना तेथेच स्थायिक व्हायचे आहे, त्यांनी आधी एनक्लेक्स-आरएन ही तेथील परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथे नोकरी करावी, मग सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांची मान्यता असलेला अभ्यासक्रम निवडावा आणि क्लिनिकल प्रशिक्षणाची जागा विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थिनीलाच शोधावी लागते, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

इथेच राहायचे असेल, तर महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा त्याचे क्षेत्रकार्य पाहावे. परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता (अभिमत विद्यापीठ असल्यास त्याची स्वतःची व्यवस्था) तपासल्यावर, सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीचे लॉगबुक मागून पाहावे. त्यात त्याच कुटुंबाला पुन्हा पुन्हा दिलेल्या भेटी, आधीच्या सल्ल्याचे काय झाले याची नोंद आणि मार्गदर्शकाचा शेरा दिसत असेल, तर शिक्षण खरे आहे असे समजावे. एकाच दिवशी एकाच शाईने भरलेली पाने दिसली, तर दुसरे महाविद्यालय पाहावे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथेही नर्सिंगचे शिक्षण मिळते, म्हणून शोध नागपूर शहरापुरता ठेवू नये.

अध्यापनात रस नसेल आणि रुग्णांतच राहायचे असेल, तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद मला अधिक योग्य वाटते. सपाट भागात सुमारे 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात सुमारे 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, आणि तेथे रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीपासून औषधे देण्यापर्यंतचे काम ठरलेल्या चौकटीत करता येते. त्यासाठी एम.एस्सी.ची अट नाही, त्यामुळे दोन वर्षांची फी भरण्यापूर्वी या पदाची जाहिरात आणि पात्रता नक्की वाचावी.