मर्सो २०१७: वाईनला पैकीच्या पैकी, बुचाला शून्य

मर्सो म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातली शार्डोने द्राक्षाची पांढरी वाईन, आमची २०१७च्या द्राक्षांची. सहा बाटल्यांच्या पेटीतली पाचवी परवा उघडली आणि ग्लासात ओततानाच कळलं, ही गेली. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. आधीच्या चार याच पेटीतल्या, लंडनच्या घरात याच कपाटात ठेवलेल्या, आणि लख्ख पिवळ्या. मग फरक बुचाशिवाय कशात आहे?

दुकानदाराचं म्हणणं, साठवण तुमची, जबाबदारी तुमची. अहो, मग शेजारच्या बाटल्या कशा टिकल्या? बऱ्याच ईमेल इकडून तिकडे झाल्यावर पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. म्हणजे पुन्हा पैसे यांनाच द्यायचे! एका बाटलीच्या पैशात आमचा आठवड्याचा बाजार होतो.

दुखणं जुनं आहे. १९९५-९६च्या वाईनींपासून बर्गंडीच्या भारी पांढऱ्या वाईनी अकाली म्हाताऱ्या होतात अशी ओरड आहे. कुणी वाईन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फरच्या कमी मात्रेकडे बोट दाखवतं, कुणी पिंपातला गाळ फार ढवळण्याकडे. पण एकाच पेटीत एक बाटली मेलेली आणि बाकीच्या ठणठणीत, याचा उलगडा त्याने होत नाही. नैसर्गिक बूच दोन सारखी नसतात, हवा कमीजास्त आत सोडतात. म्हणून आता बरेच उत्पादक ‘डियाम’ लावतात: बुचाचा भुगा कार्बन डायऑक्साइडने साफ करून पुन्हा दाबून बसवलेला. दिसतं अगदीच स्वस्तातलं. दिसू दे.

वाईनवर मात्र राग नाही. पहिल्या बाटलीला काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास आला, तेव्हा बायको म्हणाली, सिंकमध्ये ओत. अर्ध्या तासात तो मागे सरला आणि भाजलेले हेझलनट, लिंबाची साल, लोणी असं एकेक पुढे आलं. (लोण्याचा वास म्हणजे डायसेटिल नावाचं रसायन, मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होताना तयार होतं.) तिसऱ्या बाटलीपर्यंत दोघंही त्या गंधकाचीच वाट बघायला लागलो. फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका, थंडगार असताना नुसता आंबटपणा लागतो. १२-१३ अंशांवर खरी चव येते. नारळाच्या दुधातल्या सौम्य कोलंबीबरोबर झकास, मालवणी मसाल्यापुढे पार झोपली.

सहावी या शनिवारीच उघडणार, आणखी मुरवत ठेवायची माझी छाती नाही. यापुढे बर्गंडीच्याच दक्षिणेतल्या माकों गावाकडची सां-व्हेरां ही पांढरी वाईन घेईन. तीही शार्डोनेच, किंमत निम्म्याहून कमी. पण बूच कुठलं आहे ते आधी विचारूनच.