जळगावला अजिंठा चौफुलीजवळ मारुती ८००चं मीटर रिपेअर केलं, माझा अनुभव

घरची १९९८ची मारुती ८०० आहे, आप्पांनी नवी घेतलेली. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली पण गाडी अजून रोज एरंडोल-जळगाव करते. मार्चमध्ये टेंपरेचर आणि पेट्रोल दोन्हीचे काटे एकदमच झोपले, रात्री मीटरची लाइट पण लागेना. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री जातं, काटा बंद असला तर हायवेला इंजिन तापलेलं कळणार कसं, धूर निघाल्यावर?

पहिले गावातच एकाकडे दाखवली. मीटर बाहेर काढायला आधी स्टेअरिंग उतरवावं लागतं, तर त्याने स्टेअरिंगचा नट काढून मागून सरळ हातोडीच घातली, निघालं तर नाहीच, वरून म्हणतो मीटरच बदलून टाका, भंगारातलं आणून देतो. म्हणजे आप्पांनी चालवलेले १ लाख १२ हजार किलोमीटर गेले आणि दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा आकडा रोज समोर बघायचा. मला ते नकोच होतं, तशीच गाडी घेऊन निघालो.

मग मित्राने जळगावचा हा मिस्तरी सांगितला. चौफुलीजवळ छोटंसं दुकान आहे, पन्नाशीचा माणूस. "काय व्हयनं भाऊ?" म्हणाला, सगळं ऐकून घेतलं आणि बोलला की दोन्ही काटे एकाच टायमाला गेले ना, मग काटे चांगलेच असतील, दोघांना मिळून जो सप्लाय जातो तिथे गडबड आहे.

त्याचं काम बघत उभा राहिलो. आधी बॅटरीची मायनस वायर काढली, चाकं सरळ केली, हॉर्नचं पॅड उचकटलं, नट ढिला केला पण पूर्ण काढला नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवला, कारण स्टेअरिंग झटक्यात सुटलं की सरळ तोंडावर येतं. मग शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर पांढऱ्या पेंटची एकच रेघ मारली, परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी गाडी सरळ चालताना स्टेअरिंग तिरकं राहतं. आणि हातोडी नाही, पुलर लावून हळूहळू खेचलं. हातोडीने आतलं बेअरिंग जातं म्हणे.

मीटर बाहेर काढून उलटं केलं तर मागच्या पातळ तांब्याच्या पट्टीला केसाएवढा तडा, मला तर भिंग घेऊनच दिसला. तिथे सोल्डर मारलं, तीन बल्ब बदलले, मीटरची केबल पण ग्रीस करून दिली कारण ४० च्या पुढे स्पीडचा काटा थरथरायचा. अडीच तास लागले, ८५० रुपये घेतले. किलोमीटरचा आकडा होता तोच आहे.

आता तक्रार पण सांगतो, फोन उचलत नाही, बसायला सावली नाही आणि शनिवारी गेलात तर अर्धा दिवस गेलाच समजा. सकाळी नऊला पोचा.

माझ्या गाडीला एअरबॅग नाही म्हणून हे इतकं सोपं झालं, ज्यांच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी घरी हात लावूच नका, मिस्तरीला पण पहिलेच सांगा.

परत येताना पाळधीजवळ अंधार पडला, लाइट लावली आणि दोन्ही काटे उजेडात उभे दिसले. आईला फोन करून सांगितलं.