गुन्ह्याची चौकशी: अर्जातच की निवडीनंतर?

‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?’ नोकरीच्या अर्जातल्या या प्रश्नापुढे हो-नाहीचे दोन चौकोन असतात. ‘हो’वर खूण केली की बहुधा अर्ज तिथेच बाजूला पडतो. मालकाचा वेळ वाचतो, हे खरं. पण वीस वर्षांपूर्वीची मारामारी आणि गेल्या वर्षीची अफरातफर त्या चौकोनात सारखीच दिसते.

दुसरी पद्धत म्हणजे आधी मुलाखत, मग निवड आणि त्यानंतरच चौकशी. अमेरिकेतल्या हवाई राज्याने १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही हा नियम लावला; तिथल्या केंद्र सरकारी नोकऱ्यांत तो २०२१ च्या अखेरीस आला. इथे नकार द्यायचा तर विचार करावा लागतो: गुन्हा कोणता, किती काळ लोटला, या कामाशी त्याचा संबंध काय? अफरातफर केलेल्याला तिजोरीच्या किल्ल्या नको, हे समजू शकतं. पण वेल्डिंगला का नको?

अर्थात ही पद्धतही धुतल्या तांदळासारखी नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात संशोधकांनी सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवून पाहिले. चौकोन गेल्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय उमेदवारांना येणाऱ्या बोलावण्यांतली दरी उलट वाढली. माहिती मिळेना, तेव्हा नावावरून अंदाज बांधले गेले असावेत.

तरी मी दुसरीच निवडेन, एका अटीवर: नकाराआधी चौकशीच्या अहवालाची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी, उत्तराला काही दिवस द्यावेत. नावसाधर्म्यामुळे भलत्याचाच खटला आपल्या नावावर चढतो, असंही होतं.