पर्ल हार्बरच्या प्लॅनिंगवरचा बोर्ड गेम: बरेच महिने खेळल्यावरचा अनुभव

पॅसिफिक युद्धावरचे गेम बरेच आहेत, पण हा घेतला कारण यात विमानं उडायच्या आधीचं वर्ष खेळायचंय, जानेवारी १९४१ ते ७ डिसेंबर १९४१. तुम्ही असता ॲडमिरल यामामोतो इसोरोकू, जपानच्या कंबाइन्ड फ्लीटचे प्रमुख, आणि ज्या युद्धाला तुमचाच विरोध आहे त्याच्या पहिल्या हल्ल्याचा, म्हणजे हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावरच्या हल्ल्याचा, प्लॅन तुम्हालाच करायचाय. पावसाळ्यात घेतला, तेव्हापासून मी आणि माझा मावसभाऊ बहुतेक वीकेंडला घेऊन बसतो, तो नसला तर एकटा खेळतो.

आधी वस्तूबद्दल. नकाशा जाड पुठ्ठ्याचा आहे, इतक्या वेळा उघडून पण घडीवर फाटला नाहीये. काउंटर, म्हणजे नकाशावर ठेवायच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, नीट कापलेले. मात्र विमानांच्या काउंटरवरचे आकडे फारच बारीक, रात्री ट्यूबलाइटखाली वाचता येत नाहीत. रूलबुकला इंडेक्स नाही, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक शंकेसाठी अख्खं पुस्तक चाळावं लागतं.

आता खरी गोष्ट. या गेममध्ये तुमची पहिली भांडणं अमेरिकेशी नाहीतच, ती टोकियोशी आहेत. नेव्हल जनरल स्टाफ, म्हणजे नौदलाच्या युद्धयोजना ठरवणारं मुख्यालय, आणि त्यांचे प्रमुख नागानो यांना हा हल्ला नकोच असतो, त्यांचं सगळं लक्ष दक्षिणेकडच्या तेलावर, आणि त्यासाठी लागणारी विमानवाहू जहाजं इतक्या लांब हवाईला पाठवायची म्हणजे त्यांना जुगार वाटतो. तुमच्या हातात एक राजीनाम्याचं कार्ड असतं. हे गेमवाल्यांच्या मनातलं नाही, ऑक्टोबर १९४१ मध्ये यामामोतोंनी कुरोशिमा या आपल्या स्टाफ ऑफिसरला टोकियोला पाठवून खरंच सांगितलं होतं की प्लॅन मंजूर नसेल तर मी पद सोडतो, आणि तेव्हा नागानो नमले.

म्हणून यामामोतोंबद्दल नेहमी लिहिलं जातं ते ‘मनाविरुद्ध लढलेला सेनापती’ हे मला अर्धंच पटतं. युद्ध त्यांना नको होतं हे शंभर टक्के खरं. हार्वर्डला शिकलेले, नंतर वॉशिंग्टनच्या वकिलातीत नेव्हल अटॅशे म्हणजे नौदलाचे प्रतिनिधी, अमेरिकेचे कारखाने आणि तेल त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. जर्मनीशी कराराला इतका विरोध केला की जिवाला धोका निर्माण झाला, १९३९ मध्ये त्यांना टोकियोतून काढून समुद्रावर पाठवण्यामागे ते एक कारण होतं. पंतप्रधान कोनोए यांना तर स्पष्ट सांगितलेलं की सहा महिने, वर्षभर मी जोरात लढेन, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मला अजिबात खात्री नाही. पण लढायचंच असेल तर असंच, हा हट्ट मात्र पूर्णपणे त्यांचा स्वतःचा. ऑक्टोबरमध्येच होरी या मित्राला त्यांनी लिहिलंय की स्वतःच्या मताच्या बरोब्बर उलट निर्णय पूर्ण ताकदीने तडीला न्यायची वेळ आलीये. खेळताना हे दोन्ही एकत्र अंगावर येतं, एका हाताने युद्ध टळावं म्हणून वाटाघाटींच्या ट्रॅकवर पॉइंट टाकता आणि दुसऱ्या हाताने पायलट ट्रेनिंगला पाठवता, आणि पॉइंट दोन्हीकडे कधीच पुरत नाहीत.

सगळ्यात भारी भाग टॉर्पेडोचा. पर्ल हार्बरची खोली साधारण १२ मीटर, विमानातून टाकलेला नेहमीचा टॉर्पेडो आधी खोल जातो आणि मग वर येतो, म्हणजे इथे तो गाळात रुतणार. त्यासाठी शेपटीला लाकडी पंख बसवले, पायलटनी कागोशिमाच्या खाडीवर अगदी खाली उतरून सराव केला. गेममध्ये गेंदा या हल्ल्याचा तपशील आखणाऱ्या नौदलाच्या विमान अधिकाऱ्याचा काउंटर दर महिन्याला या कामावर ठेवावा लागतो, एक महिना जरी तो दुसरीकडे नेलात तरी नोव्हेंबरला टॉर्पेडो कमी पडतात. युद्धनौकेच्या ४० सेंमी तोफेच्या गोळ्यांपासून बनवलेल्या ८०० किलोच्या बॉम्बचा वेगळा ट्रॅक आहे. आणि ऑगस्टला अमेरिकेने जपानला तेल देणं बंद केलं की इंधनाचा मार्कर दर टर्नला खाली सरकायला लागतो, तिथून पुढे टेबलावर कोणी फारसं बोलत नाही.

तक्रारी दोन. एका कार्डवर झोपलेल्या राक्षसाला जागं केल्याचं ते फेमस वाक्य यामामोतोंच्या नावावर छापलंय, त्यांनी ते म्हटल्याची किंवा लिहिल्याची कसलीही नोंद नाही, हे कार्ड काढायलाच हवं. दुसरी जास्त मोठी. शेवटी मार्क मिळतात ते बुडवलेल्या जहाजांवर. पण ७ जानेवारी १९४१ ला नौदलमंत्री ओइकावांना लिहिलेल्या पत्रात यामामोतोंचा उद्देश वेगळाच आहे, पहिल्याच फटक्यात अमेरिकन नौदलाचं आणि लोकांचं मनोधैर्य असं खचवायचं की ते पुन्हा उभं राहू नये. झालं नेमकं उलटं. २४०३ अमेरिकन मेले आणि अख्खा देश एका दिवसात युद्धाला तयार झाला. त्या सकाळी अमेरिकेची विमानवाहू जहाजं बंदरात नव्हती, तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीचे डॉक तसेच राहिले, ते वेगळंच. अमेरिकेत इतकी वर्षं राहिलेल्या माणसाचा अंदाज तिथल्या माणसांबद्दलच चुकावा, हे मला या सगळ्यात सगळ्यात अस्वस्थ करतं, आणि गेमच्या स्कोअरमध्ये याला जागाच नाहीये. आम्ही आता स्वतःचा नियम लावलाय, हल्ला कितीही यशस्वी झाला तरी अमेरिकेचं मनोधैर्य वरच जातं, त्यामुळे जपानवाल्याला वाटाघाटी शेवटपर्यंत सोडवत नाहीत.

किंमत जास्त आहे पण घ्या, फक्त एक करा. बॉक्समध्ये २६ नोव्हेंबरला जपानच्या उत्तरेकडच्या हितोकाप्पूच्या खाडीतून हल्ल्याची सहा विमानवाहू जहाजं निघतात तिथून सुरू होणारा छोटा डाव पण दिलाय, दोन तासांत संपतो म्हणून सगळे आधी तोच लावतात. तो मागे ठेवा, जानेवारीपासून सुरू करा.