मोबाइलच्या नकाशावर घोडा: ऐतिहासिक कादंबरीकारांसाठी पायी मार्गाचा पर्याय कितपत कामाचा?

अंतरासाठी कामाचा, वेळेसाठी धोक्याचा. दौलताबाद ते बीड हे अंतर टाका. आजच्या रस्त्याने सुमारे १४५ किलोमीटर, म्हणजे पायी अंदाजे २९ तास. हा आकडा तसाच उचलला, तर स्वार सव्वा दिवसात बीडला पोचतो. नकाशा न थांबता चालतो, घोड्याला मात्र दाणापाणी लागतं.

हिशोब असा करा: कदमचाल ताशी ६ किलोमीटर, दुडकी १२ ते १३. भरधाव दौड चार-पाच किलोमीटरच; पुढे दम तुटतो. एकच घोडा रोज वापरायचा तर दिवसाला ४० ते ५० किलोमीटर. म्हणजे बीडला तीन ते चार दिवस. लांबच्या प्रवासात आठवड्याला एक दिवस मुक्कामही धरा, नाहीतर खोगिराखाली पाठ सोलवटते. वाटेत घोडे बदलणारा जासूद दिवसात शंभराच्या पुढे जाईल. तोफा आणि बैलगाड्यांसह लष्कर मात्र १५ ते २०.

पर्यायातली सगळ्यात मोठी उणीव पाण्याची. पैठणच्या पश्चिमेकडून जाणारा मार्ग टाकला, तर तो नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, वळसा घालतो. जायकवाडी धरण १९७६ सालचं, त्यामुळे सतराव्या शतकातला स्वार सरळ जाईल. उलट शहागडला गोदावरीवर आजचा पूल गृहीत धरतो. पावसाळ्यात तिथे नावेची वाट पाहण्यात दोन दिवस सहज मोडतील. काळ्या मातीच्या चिखलात वेग निम्म्यावर येतो, नालही निसटतात.

पाचपैकी तीन तारे, तेही अंतरासाठी.