एलएसआय ९२११-८आय: आठ डिस्कच्या घरगुती सर्व्हरसाठी जुनं पण भरवशाचं कार्ड

साध्या मदरबोर्डवर साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे, पोर्ट चार, फार तर सहा. बऱ्याच बोर्डांवर एम.टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की त्यातलेही एक-दोन बंद होतात. घरी आठ हार्ड डिस्कचा सर्व्हर उभा करायचा तर जादा पोर्ट देणारं कार्ड लागतंच. अशा वेळी जाणकारांच्या तोंडी सगळ्यात आधी नाव येतं ते एलएसआयच्या सॅस ९२११-८आय या कार्डाचं. २०१४ साली एलएसआय अवागोने विकत घेतली आणि अवागोने पुढे ब्रॉडकॉम हे नाव घेतलं. आता हे कार्ड बनत नाही, पण डेटा सेंटरमधून उतरवलेल्या सर्व्हरमधली कार्डं सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतात.

हे कार्ड आजही घ्यावं. मात्र त्याच्यावर वारा हवा, फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) योग्य हवं आणि केबल नीट हव्यात. यातलं एक जरी सुटलं तरी खापर फुटतं ते बिचाऱ्या डिस्कवर. धडधाकट डिस्क ‘खराब’ म्हणून परत पाठवली जाते आणि चार दिवसांनी नव्या डिस्कवर तीच एरर दिसते.

कार्डावरची चिप सॅस २००८. दोन मिनी-सॅस कनेक्टर, प्रत्येकातून चार अशा आठ डिस्क, प्रत्येकीला ६ गिगाबिटची लाइन. सॅस (सर्व्हरमधल्या) आणि साटा (घरगुती) दोन्ही प्रकारच्या डिस्क चालतात. याच्या आधीच्या पिढीतली सॅस १०६८ चिपची कार्डं २ टीबीवरची डिस्क पूर्ण ओळखत नाहीत, त्यामुळे ती फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. ९२११ ला ही अडचण नाही.

स्लॉट निवडताना थोडं गणित करा. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस २.० चं, आठ लेनचं (लेन म्हणजे डेटा वाहणारी एक वाट). एका लेनला ५०० एमबी प्रति सेकंद धरले तर ४,००० होतात. मोठी हार्ड डिस्क सलग वाचताना २५० च्या आसपास देते, आठ मिळून २,०००. म्हणजे पूर्ण आठ लेन मिळाल्या तर कार्ड कधीच अडवत नाही. अनेक मायक्रो-एटीएक्स बोर्डांवर खालचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा आणि आत जोडलेला चारच लेनचा असतो. तिथेही प्रत्यक्षात डिस्कमागे २०० च्या जवळपास मिळतात, म्हणजे काम भागतं. एका लेनच्या स्लॉटमध्ये मात्र हे कार्ड लावू नका. तिथे आठही डिस्क एकदम वाचायला घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याला ५० एक एमबी येतात. ८ टीबीची डिस्क २०० च्या वेगाने ११ तासांत वाचून होते, ५० ने ४४ तास लागतात. एक डिस्क गेलेली असताना नवीवर डेटा परत भरायला दोन दिवस लागणं म्हणजे दोन दिवस जीव टांगणीला.

आता फर्मवेअर. कार्ड दोन प्रकारच्या फर्मवेअरवर चालतं, आयआर आणि आयटी. आयआरमध्ये कार्ड स्वतः रेड करू शकतं, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करू शकतं. आयटीमध्ये ते डिस्क जशीच्या तशी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतं. झेडएफएस, ट्रूनॅस, अनरेड या डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरना आयटीच लागतं, कारण डिस्कचा सिरियल नंबर, स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) माहिती आणि एरर त्यांना मधल्या पडद्याशिवाय दिसायला हव्यात. फर्मवेअरची आवृत्ती २०.००.०७.०० हवी. आवृत्ती २० च्या सुरुवातीच्या फाइलींमध्ये दोष होते, म्हणून नुसतं ‘पी-२० आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटचे आकडेही पाहा.

फर्मवेअर बदलायला अर्धा तास पुरतो, पण क्रम चुकू देऊ नका. कार्डावरच्या स्टिकरवर सॅस पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, १६ अक्षरी, एलएसआयच्या कार्डांवर ५००६०५ ने सुरू होणारा. तो आधी कागदावर उतरवून घ्या. मशीनमध्ये एका वेळी असं एकच कार्ड ठेवा आणि डेटाच्या डिस्क काढून ठेवा. फॅट-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर यूईएफआय शेल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय आज्ञा देता येणारी काळी खिडकी), सॅस-टू-फ्लॅश हे टूल आणि आयटीची फाइल घ्या. डॉसमधून प्रयत्न केला तर नव्या मदरबोर्डांवर ‘पाल’ सुरू होत नाही अशी एरर येते. ती कार्डाची नसते, यूईएफआयमधून केलं की काम होतं. शेलही जुना, आवृत्ती १ चा घ्या. आवृत्ती २ मध्ये हे टूल ‘आपल्याला शेलमधून सुरू केलेलं नाही’ असं म्हणून थांबतं. मग जुनं फर्मवेअर पुसा, लगेच नवं लिहा, सॅस पत्ता परत भरा. पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मशीन बंद किंवा रीस्टार्ट करायचं नाही. तेवढ्यात वीज गेली तर कार्ड परत उठवणं जिकिरीचं होतं, म्हणून हे काम यूपीएसवरच करा. फर्मवेअरबरोबर बूट रॉमची (कार्डावरच्या डिस्कवरून सिस्टिम सुरू करू देणारी) फाइल लिहिली नाही तरी चालतं. सिस्टिम मदरबोर्डवरच्या एसएसडीवरून सुरू होणार असेल तर रॉम वगळाच, दर वेळी चालू करताना कार्ड डिस्क मोजत बसतं तो वेळ वाचतो.

हीच चिप डेलच्या एच२०० आणि एच३१०, आयबीएमच्या एम१०१५ या कार्डांवरही आहे. तीही आयटी मोडमध्ये नेता येतात, पण एम१०१५ आणि एच३१० वर मेगारेड या वेगळ्या प्रकारचं फर्मवेअर असतं, ते मेगारेक नावाच्या टूलने आधी पूर्ण साफ करावं लागतं. शिवाय यातली काही कार्डं घरगुती मदरबोर्डवर लावली की मशीन डिस्प्लेच देत नाही किंवा रॅम चुकीची दाखवते. उपाय सोपा आहे: ज्या बाजूला चिप आहे त्या बाजूच्या सोनेरी पट्ट्यांपैकी पाचवी आणि सहावी पट्टी केप्टन टेपच्या (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) बारीक तुकड्याने झाका. त्या दोन पट्ट्या मदरबोर्डशी बारीकसारीक निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या लाइनच्या आहेत, डेटाचा त्यांच्याशी संबंध नाही.

‘नवं कोरं, सीलबंद’ म्हणून विकलं जाणारं ९२११ शक्यतो टाळा. नक्कल केलेली कार्डं याच वेष्टनात येतात. सर्व्हरमधून काढलेलं, डेल किंवा आयबीएमचं लेबल असलेलं, थोडी धूळ बसलेलं कार्ड जास्त खात्रीचं. मागची पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची आहे ना, तेही विचारा. अर्ध्या उंचीची पट्टी टॉवर कॅबिनेटमध्ये स्क्रूने बसत नाही, कार्ड लोंबकळतं आणि केबलच्या वजनाने स्लॉटमधून अर्धं निसटतं.

उष्णतेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. हे कार्ड बनलं ते सर्व्हरसाठी, जिथे पंखे सोसाट्याचा वारा मारतात. कंपनीची अपेक्षा मिनिटाला किमान २०० फूट वेगाच्या वाऱ्याची आहे. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये कार्डाच्या कोपऱ्यात हवा जवळजवळ हलतच नाही. वर स्वतःचा पंखा नाही, हीटसिंक काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही, आणि चिपचं तापमान दाखवायची सोयही नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच ३८-४० अंश असतात, तिथे पंख्याशिवाय हे कार्ड चालवूच नये. दिवसभर दोन सिनेमे पाहताना काही होत नाही. महिन्याची पूर्ण तपासणी, म्हणजे स्क्रब, सुरू झाली, आठही डिस्क तासन्‌तास वाचल्या जाऊ लागल्या की चिप तापते आणि कार्ड रीसेट होतं. स्क्रीनवर एकाच मिनिटात पाच-सहा डिस्क ‘गेलेल्या’ दिसतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि डिस्क सगळ्या ठणठणीत असतात.

इलाज स्वस्त आहे. ४० मिलिमीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा पंखा घ्या, हीटसिंकच्या पात्यांच्या फटीत स्क्रू हलकेच आवळून बसवा आणि वायर मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनवर द्या. छोट्या पंख्याची किणकिण नको असेल तर ९२ मिलिमीटरचा पंखा कार्डाकडे तोंड करून बाजूला बांधा. कार्ड जुनं असल्याने हीटसिंकखालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. मागच्या बाजूने दोन प्लास्टिकच्या खुंट्यांची टोकं चिमट्याने दाबली की हीटसिंक सुटतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डाळीच्या दाण्याएवढी नवी लावा. पंखा लावून तासभर स्क्रब चालल्यावर हीटसिंकला बोट टेकून पाच सेकंद ठेवता आलं पाहिजे.

केबल मिनी-सॅस एसएफएफ-८०८७ ते चार साटा, ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ प्रकारची हवी. ‘रिव्हर्स’ केबल दिसायला हुबेहूब तशीच असते, नीट बसतेही, फक्त एकही डिस्क दिसत नाही. ऑनलाइन मागवताना हा शब्द वाचूनच मागवा. प्रत्येक टोकावर पी-१ ते पी-४ असे छाप असतात. कुठल्या टोकाला कुठल्या सिरियल नंबरची डिस्क आहे ते डिस्कच्या पुढच्या कडेला लेबल लावून लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता आठ एकसारख्या डिस्कमधून मेलेली शोधताना चुकून चांगली उपसली गेली तर पुढचं सगळंच अवघड होतं.

स्मार्टमध्ये १९९ क्रमांकाचा आकडा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा. तो फक्त वाढतो, कधी कमी होत नाही, म्हणून जुना आकडा पाहून घाबरू नका, आजचा टिपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. वाढला असेल तर डिस्क आणि कार्ड यांच्या मधली वाट खराब आहे. कारणाचा अंदाज एरर किती आणि कोणत्या डिस्कवर आहे त्यावरून येतो. एकाच डिस्कवर असेल तर त्या डिस्कची केबल किंवा ती डिस्क. एकाच कनेक्टरच्या चारही डिस्कवर असेल तर कार्डाकडचं टोक नीट ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसलेलं नाही. पॉवरच्या एकाच वायरवरच्या डिस्क एकत्र जात असतील तर दोष एसएमपीएसच्या बाजूचा. आणि आठही एकदम गेल्या तर कार्डाची उष्णता किंवा स्लॉट.

पॉवरची बाजू इथेच सांगायला हवी, कारण तिचाही आळ कार्डावर येतो. ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ डिस्क म्हणजे १६ अँपिअर, १९० वॉटच्या आसपास, तेही पहिल्या काही सेकंदांत एकदम. साटाच्या पॉवर कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअरच असते. त्या एकावरून चार डिस्कला फाटे फोडणारी वायर म्हणूनच वितळते. मोलेक्सवरून (एसएमपीएसचा जुना, चार पिनचा मोठा कनेक्टर) साटा घ्यायचं असेल तर प्लास्टिक ओतून बंद केलेलं कनेक्टर टाळा. त्यात वायर आतल्या आत एकमेकींना टेकून आग लागते. वायर वेगवेगळ्या दिसतात असं, दाबून बसवलेलं कनेक्टर घ्या. एका कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. भोक जुळतं, पिन जुळत नाहीत, आणि एका क्षणात आठही डिस्कचे सर्किट बोर्ड जळतात.

कार्डाच्या उणिवाही आहेत. ते चोवीस तास ८-१० वॉट खातं आणि प्रोसेसरला खोल झोपू देत नाही. १० वॉट म्हणजे वर्षाला ८७-८८ युनिट. एसएसडीसाठी ट्रिमचा (पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याच्या सोयीचा) आधार अर्धवट आहे, म्हणून एसएसडी मदरबोर्डच्या पोर्टवरच ठेवा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने आवृत्ती ८ पासून या चिपचा आधार काढला. डेबियन, उबुंटू, ट्रूनॅस, प्रॉक्समॉक्सवर कार्ड लावल्याबरोबर चालतं. सहा किंवा त्याहून कमी जादा डिस्क असतील आणि विजेचं बिल महत्त्वाचं असेल तर एएसएम ११६६ चिपचं सहा पोर्टचं साधं साटा कार्ड जास्त शहाणपणाचं. एका पोर्टला अनेक डिस्क जोडणारी पोर्ट-मल्टिप्लायर कार्डं मात्र नकोत, एक डिस्क अडली की शेजारच्याही अडतात. ९२११ च्याच भावात ९२०७-८आय मिळालं तर ते उचला. कनेक्टर तेच, पीसीआय एक्स्प्रेस ३.०, आणि मूळचंच आयटी फर्मवेअर.

एका बाबतीत कुठलंच कार्ड मदतीला येत नाही, ती म्हणजे एसएमआर डिस्क, जिच्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की त्यांच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या प्रकारच्या आहेत. झेडएफएसमध्ये अशी डिस्क नव्याने भरताना वेग कोसळतो आणि कधी ती बाहेरच फेकली जाते. डिस्क घेताना ती सीएमआर, म्हणजे पट्टे वेगवेगळे असलेली, असल्याची खात्री मॉडेल नंबरवरून करून घ्या.

घेताना एकाऐवजी दोन कार्डं घ्या. दुसऱ्यावर तेच फर्मवेअर भरून, अँटिस्टॅटिक पिशवीत, एका जादा केबलसह कपाटात ठेवा. आयटी मोडमधलं कार्ड स्वतःजवळ काहीच साठवत नाही. पहिलं मेलं तर मशीन बंद करा, दुसरं लावा, दोन्ही केबल जोडा. कोणती कुठे याचा क्रम चुकला तरी पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) जसाच्या तसा उघडतो.