भारत गृह रक्षा: लातूरच्या घरासाठी घेतली, कशी आहे?

पुणं सोडून लातूरला औसा रोडवरच्या आमच्या रो-हाउसमध्ये आलो, तेव्हा 'इन्शुरन्स' हा शब्द दोघांनी काढला: सामान हलवणाऱ्यानं आणि बँकेनं. घराच्या विम्याबद्दल मात्र दोघंही गप्प. तो, म्हणजे 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी, मी स्वतः मागून घेतला.

सामानवाल्यानं बिलात टक्केवारीनं इन्शुरन्स लावला होता. पॉलिसी नंबर मागितला तर म्हणे, "काही फुटलं तर आमचं आम्ही बघतो की ताई." विमा कंपनीचा कागद नसला की तो विमा नव्हे, नुसता शब्द. ती रक्कम बिलातून काढायला लावली. बँकेत "लोनसोबत कंपल्सरी आहे मॅडम" म्हणून जो फॉर्म पुढं आला, तो माझ्या जिवाचा विमा निघाला. मी गेले तर कर्ज फिटणार, घर पडलं तर रुपया नाही. शिवाय एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्याच्यावरही व्याज. माझा टर्म प्लॅन आधीपासून आहे, तो दाखवला आणि विषय मिटला. कुणी असला कागद नुकताच घेतला असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आता मुख्य पॉलिसी. 'भारत गृह रक्षा' ही आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ठरवून दिलेली आहे. १ एप्रिल २०२१ पासून आग-विमा करणाऱ्या कंपन्यांना ती ठेवावी लागते, आणि मूळ मजकूर सगळीकडे तोच. म्हणून मी हप्ता बघितला आणि लातुरात ऑफिस आहे का ते बघितलं, बाकी काही नाही.

विमा बांधकामाचा असतो, जागेचा नाही. घर ४८ लाखांना पडलं म्हणून ४८ लाखांचा विमा काढायचा नसतो. प्लॉट काही जळून जात नाही. आमचा कार्पेट एरिया १,००० चौरस फूट, बांधकामाचा दर २,२०० धरला, झाले २२ लाख. घरातलं सामान, म्हणजे फ्रीज, कपाटं, कपडे, भांडी, आपोआप त्याच्या २० टक्क्यांपर्यंत धरतात, कमाल १० लाख. आमचे ४ लाख ४० हजार झाले, यादी द्यावी लागली नाही. गच्चीवरचे सोलर पॅनल, कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी हेही इमारतीतच मोडतं. टाकी फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसानही धरतात. २०१६ साली ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं घरोघरी किती टाक्या असतात ते सांगायला नको.

भूकंप मूळ पॉलिसीतच आहे, वेगळे पैसे नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "सिमेंटचं घर हाय, काय होतंय त्याला? कशाला पैसे घालायलीस?" सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची, त्यांनी माळवदाच्या, म्हणजे माती-लाकडाच्या जड छपराच्या घरात काढलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "तू घे गं." तो किल्लारीचा भूकंप जुनी गोष्ट म्हणावी, तर हिंगोलीकडं २०२४ मध्येच मार्चला आणि जुलैला ४.५ चे धक्के बसले. वर्षाचा हप्ता जीएसटीसकट हजार-बाराशेच्या घरात गेला. एवढ्यात दोघांचं हॉटेलात धड जेवण होतं.

खटकलेल्या गोष्टी दोन. पहिली आपल्याकडं फारच महत्त्वाची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरच्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. आमच्या लायनीतल्या एका घराच्या चिरेत तर पाच रुपयांचं नाणं उभं बसतं. नव्या बांधकामाचं असं बसणं, सदोष पाया किंवा निकृष्ट काम, हे पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेलं आहे. त्यासाठी बिल्डरलाच धरायचं; प्रकल्प रेरा कायद्याखाली असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत. दुसरी गोष्ट चोरी. आग, पूर, भूकंप अशी काही घटना घडली आणि तिच्यापासून ७ दिवसांत चोरी झाली, तरच भरपाई. उन्हाळ्यात कुलूप लावून गावाला गेलात आणि घर फुटलं, तर ही पॉलिसी कामाची नाही. मी घरफोडीचं कव्हर वेगळं घेतलं. एजंटनं हा फरक विचारल्याशिवाय सांगितला नाही, म्हणून एक तारा कमी.

दागिन्यांचं कव्हर ऐच्छिक आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक डाग १ लाखाच्या आतला असेल तर सराफाचा मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. लॉकरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे बघा: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, आणि भूकंप-पुराच्या नुकसानीला बँक सहसा बांधील नसते.

आणखी एक, पत्ता बदलला की गाडीच्या पॉलिसीवरही बदलून घ्या. गाडीच्या विम्याच्या दरासाठी पुणं 'ए' झोनमध्ये, लातूर 'बी' मध्ये, त्यामुळं गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता थोडा उतरतो. आरसीवरचा पत्ता मात्र ३० दिवसांत आरटीओला कळवावा लागतो.